आठ चौकटींचे घडीचे कुंपण आणि एकट्या गिनीचा नवा जोडीदार

कुत्र्याच्या पिल्लांना अंगणात खेळू देण्यासाठी जे आठ चौकटींचे लोखंडी घडीचे कुंपण बाजारात मिळते, ते मी जानेवारीच्या अखेरीस 3,400 रुपयांना घेतले. आमच्याकडे कुत्रा नाही. एकट्या उरलेल्या गिनी कोंबडीला नवा जोडीदार द्यायचा होता आणि त्या दोघांमध्ये काही दिवस अशी आडभिंत हवी होती, की जिच्यातून एकमेकांना पाहता येईल, ऐकता येईल, पण चोच मारता येणार नाही. पाच महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे, की या एका कामासाठी ही वस्तू घेण्याजोगी आहे, मात्र दुकानातून येते तशी ती वापरू नये. गिनीच्या दृष्टीने तिच्यात दोन उणिवा आहेत आणि त्यातली एक पक्ष्याला इजा करणारी आहे.

आमची जागा पुरंदर तालुक्यात, सीताफळाच्या छोट्या बागेत आहे. तिथे चार वर्षांपूर्वी गिनी फाऊलची एक जोडी आणली. मोतिया ठिपक्यांची ही जात आपल्याकडे बरेच लोक ओळखतात. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने भारतासाठी ज्या कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी अशा तीन जाती पुढे आणल्या, त्यांतली कादंबरी याच मोतिया रंगाची. दिवाळीनंतर एका पहाटे नर भटक्या कुत्र्यांच्या तावडीत सापडला आणि ठिपकी, म्हणजे आमची मादी, एकटी राहिली.

गिनी हा मूळचा आफ्रिकेच्या गवताळ रानातला, थव्याने राहणारा पक्षी आहे. चरताना, पाणी पिताना, रात्री फांदीवर बसताना त्याला आपल्या जातीची सोबत लागते, आणि तो ज्या हाका देतो त्यातल्या बऱ्याचशा थवा एकत्र ठेवण्यासाठीच असतात. जोडीदार गेल्यावर ठिपकी सकाळपासून अंधार पडेपर्यंत तीच हाक देत राहिली. आमच्या गावठी कोंबड्या तिच्याभोवती होत्या; त्यांच्यात ती दाणे टिपायची, त्यांना हुसकावायची, पण त्यांना आपले मानत नव्हती. तिसऱ्या आठवड्यापासून ती आमच्या चारचाकीच्या मागच्या दारासमोर जाऊन उभी राहू लागली. पत्र्यात दिसणाऱ्या आपल्याच प्रतिबिंबाकडे ती मान किंचित तिरकी करून पाही, हलक्या आवाजात काहीतरी बोले, मग थांबून उत्तराची वाट पाही. गाडी बाहेर गेली की त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राही. ज्यांनी एकटी उरलेली गिनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. ते पाहवत नसे.

पहिल्या प्रयत्नात मी चूक केली आणि तिची किंमत एका पक्ष्याने दिली. आठवडी बाजारातून नर म्हणून एक पक्षी आणला आणि भर दुपारी त्याला थेट अंगणात सोडले. वाटले होते, की इतके दिवस सोबतीला आसुसलेली ठिपकी त्याला लगेच जवळ करेल. झाले उलटेच. तिने मान खाली घालून त्याचा पाठलाग सुरू केला, पाठीवरची पिसे उपटली आणि दहा मिनिटांत तो बांधापलीकडे उडून गेला. गिनी चांगली उडते, आणि नव्या जागेला ती आपले घर मानत नाही तोवर परत येत नाही. त्यासाठी तिला चार ते सहा आठवडे बंदिस्त ठेवावे लागते. आम्ही दोन दिवस शेजारच्या शिवारात शोधले. तो सापडला नाही. जाताना त्याने जी हाक दिली होती ती दोन तुकड्यांची होती, म्हणजे तो नरही नव्हता. विकणाऱ्याने मादीच नर म्हणून दिली होती.

नर-मादी ओळखण्याचा मुद्दा जोडीदार आणण्याच्या कामात सर्वांत आधी येतो, म्हणून तो इथे स्पष्ट सांगतो. मादीच्या हाकेत दोन तुकडे असतात, पहिला आखूड आणि दुसरा लांबून वर चढणारा. नर एकाच तुकड्याची कर्कश हाक पुन्हा पुन्हा देतो. घाबरलेली मादीही एकसुरी ओरडते, त्यामुळे एकसुरी आवाज ऐकून नर ठरवता येत नाही. परंतु दोन तुकड्यांची हाक ऐकू आली की तो पक्षी मादीच, कारण ती हाक नर देत नाही. चोचीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लाल पाळ्या नराच्या मोठ्या, जाड आणि वाटीसारख्या वळलेल्या असतात, मादीच्या लहान आणि चपट्या. पण ही खूण पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात खात्रीची, तरण्या पक्ष्यात फसवी. दुसऱ्या वेळी मी एका कुक्कुटपालकाच्या शेडबाहेर तासभर बसून राहिलो, हाका ऐकल्या आणि मगच एक वर्षाचा नर निवडला.

तो आणल्यावर पहिले तीस दिवस ठिपकीच्या नजरेलाही पडू दिला नाही. बागेच्या दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांचे जुने खुराडे होते, तिथे त्याला ठेवले. रोज आधी आमच्या पक्ष्यांचे दाणापाणी, मग त्याचे. त्याच्याकडून आल्यावर हात धुणे आणि चपला बदलणे हा क्रम मोडला नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठेचा नमुना दिला, तर त्यात जंत निघाले. डॉक्टरांनी पाण्यातून औषध दिले आणि मानमोडीची लसही करून घेतली. शेजारी ठेवून ओळख करून देण्याच्या घाईत पुष्कळ लोक हा महिना वगळतात. मला तो टाळण्यासारखा वाटत नाही, कारण जाळी चोच अडवते, रोग अडवत नाही.

आता मूळ वस्तूकडे वळतो. या कुंपणाच्या आठ चौकटी आहेत. प्रत्येक 24 इंच रुंद आणि 36 इंच उंच. दोन चौकटींमधल्या कड्यांतून लांब सळई खाली सोडली की त्या जोडल्या जातात आणि सळईचे टोक जमिनीत रुतते. एका चौकटीला दार आहे, त्याला दोन कड्या. लोखंडावर काळे पावडर कोटिंग आहे. उघडायला आणि घडी करायला एकट्या माणसाला पाच मिनिटे पुरतात, आणि घडी दाराआड उभी राहते. सोबतच्या चित्रात ते अष्टकोनी मांडलेले दाखवले आहे. तसे मांडले तर आत सुमारे 19 चौरस फूट जागा मिळते, जी कुत्र्याच्या पिल्लाला पुरेल, पण मोकळ्या रानाची सवय असलेल्या गिनीला नाही. त्याऐवजी मी गोठ्याच्या भिंतीला लावून समोर चार आणि बाजूंना दोन-दोन अशा चौकटी मांडल्या. मागची बाजू भिंतीने सांभाळली आणि त्याच आठ चौकटींत 8 फूट लांब, 4 फूट खोल, म्हणजे 32 चौरस फूट जागा झाली. भिंतीचा आणखी एक लाभ असा, की पाठीमागे आडोसा असलेला पक्षी कमी बिथरतो; चारही बाजूंनी उघडा असलेला पक्षी सतत कडेने येरझाऱ्या घालत राहतो.

पहिली उणीव उंचीची आहे. तीन फुटांची कड गिनी जागच्या जागी उडी मारून ओलांडते, आणि या कुंपणाला छत नाही. मी वरून हिरवे शेडनेट ताणून केबल टायने बांधले, भिंतीकडच्या बाजूला खिळ्यांना अडकवले. शेडनेट मऊ असल्याने पक्षी दचकून वर उसळला तरी डोके आपटून जखम होत नाही. वर पत्रा किंवा लोखंडी जाळी टाकली असती तर झाली असती. नव्या नराचे पंख छाटण्याचा सल्ला एकाने दिला होता, तो मी मानला नाही. ज्या परिसरात कुत्री फिरतात तिथे फांदीवर चढता येणे हेच गिनीचे संरक्षण आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. उभ्या गजांमध्ये दीड इंचाचे अंतर आहे. पिल्लू त्यातून बाहेर पडणार नाही हे खरे. पण गिनीचे डोके अरुंद असते, आणि त्यावर हाडाचा तुरा असतो. पहिल्याच दुपारी नराने गजांतून डोके बाहेर काढले, मागे घेताना तुरा आडव्या पट्टीला अडला आणि त्याने धडपड केली. मी जवळच होतो म्हणून मान सरळ करून सोडवता आली. तुऱ्याच्या मुळाशी कातडी सोलली होती, थोडे रक्त आले होते. याच फटीतून दुसऱ्या बाजूच्या पक्ष्याला डोक्यावर चोच मारणेही शक्य होते. त्याच संध्याकाळी अर्धा इंची वेल्डेड जाळी आणून सर्व चौकटींना खालून दोन फुटांपर्यंत आतून बांधली, तारेची टोके बाहेरच्या बाजूला वळवली. जाळीला 600 रुपये लागले. हे कुंपण पक्ष्यांसाठी घेणाऱ्याने हा खर्च आणि अर्ध्या दिवसाचे काम किमतीतच धरावे. जाळी बांधल्याशिवाय पक्षी आत सोडू नये.

एवढे झाल्यावर मात्र या वस्तूने जे काम केले, ते दुसऱ्या कशाने झाले असते असे मला वाटत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नर कुंपणात आणि ठिपकी बाहेर मोकळी अशी मांडणी केली. ठिपकी पहिल्यांदा दहा फुटांवर थांबली. तिने अंग बारीक केले, मान उंच ताणली आणि दोन तुकड्यांची हाक दिली. आतून एकसुरी उत्तर आले. गेले तीन महिने जे उत्तर तिला पत्र्यातल्या प्रतिबिंबाकडून मिळत नव्हते, ते मिळाले तेव्हा ती पुढे आली नाही. उलट मागे वळून कोंबड्यांमध्ये गेली आणि तिथून पुन्हा हाक देऊन पाहू लागली. दुसऱ्या दिवशी जाळीपाशी येऊन तिने चोच मारली. नराने पाठ कमानीसारखी फुगवली, पंख अंगाशी घट्ट धरून वर उचलले आणि कडेने धावला. गिनीच्या नराची ही धमकावण्याची नेहमीची ढब आहे. अंगणात सोडल्यावर पाठलाग आणि पिसे उपटणे ज्या क्षणी सुरू झाले होते, तोच हा क्षण. इथे मध्ये जाळी होती, म्हणून तो दोन मिनिटांत संपला.

ओळख वाढवायला सर्वांत उपयोगी पडली ती वाळवी. बागेच्या बांधावरून वाळवी लागलेली मातीची ढेकळे आणून मी जाळीच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून वितभर अंतरावर फोडत असे. दाणे दिले तर पक्षी खाऊन लगेच निघून जातात. ढेकळातून वाळवी हळूहळू बाहेर येते, म्हणून दोघांना एकाच जागी बराच वेळ मान खाली घालून उभे राहावे लागते. पाचव्या दिवशी दोघांची डोकी जाळीच्या दोन बाजूंना तीन बोटांवर होती आणि कोणीही दुसऱ्याकडे चोच वळवली नाही. आमच्या शेजारच्या काकू रोज दुपारी ताकाची बरणी घेऊन येतात. त्या दिवशी त्या फाटकातच थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, आज तुमची ठिपकी ओरडत कशी नाही? बरी आहे ना?" तेव्हा माझ्या लक्षात आले, की सकाळपासून ती लांब हाक ऐकूच आली नव्हती.

दहाव्या दिवशी जागा बदलली. ठिपकीला कुंपणात आणि नराला रात्री बंद होणाऱ्या मुख्य खुराड्याच्या जोडजाळीत ठेवले. ज्या जागेवर एकाचा हक्क पक्का होतो तिथे दुसरा आला की भांडण होते. जागा आलटून पालटून दिली की दोघांचाही हक्क सैल पडतो. या अदलाबदलीत घडीच्या कुंपणाचा खरा फायदा कळला. सळया उपसून चौकटी हलवायला आणि नवा कोन करायला वेळ लागत नाही, म्हणून ते काम रोज करता येते. बांबूच्या तट्टीचे किंवा खांब पुरून केलेले कुंपण असते तर मी ते टाळले असते. पक्षी हलवताना त्यांना पायाने कधीही धरले नाही. गिनीचा पाय ओढला गेला तर सांधा निखळू शकतो. अंधार पडल्यावर दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलायचे, हीच पद्धत ठेवली.

तीन आठवड्यांनी, दिवस मावळायला तासभर असताना, मी मधली चौकट उघडली. ही वेळ मुद्दाम निवडली, कारण संध्याकाळी पक्ष्यांचे लक्ष रात्रीची जागा धरण्याकडे असते आणि भांडण सुरू झालेच तरी अंधार ते थांबवतो. दोन ठिकाणी पाणी आणि तीन ठिकाणी दाणे ठेवले होते, म्हणजे एकाने भांडे अडवले तरी दुसरा उपाशी राहणार नाही. ठिपकीने त्याला दोनदा हुसकावले, तो चार पावले पळून परत आला. ही रेटारेटी मी मोडली नाही. पाठलाग थांबतच नाही, एकजण कोपऱ्यात डोके खुपसून बसतो किंवा रक्त दिसते, तेव्हाच मध्ये पडायचे, असे मी ठरवले होते आणि तशी वेळ आली नाही. खुराड्यात आडव्या बांबूवर दोघे त्या रात्री दोन टोकांना बसले. आठवडाभरात त्यांच्यातले अंतर एका कोंबडीएवढे राहिले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोघांना बागेत मोकळे सोडले तेव्हा नर ठिपकीच्या मागोमाग गेला आणि तिच्याच मागून परत आला. तोवर त्याला आमच्याकडे येऊन दोन महिने झाले होते.

कुंपणाच्या आणखी काही गोष्टी नोंदवायला हव्यात. दाराची खालची पट्टी जमिनीपासून सहा इंच वर आहे. पाण्याचे भांडे आत-बाहेर करताना ती प्रत्येक वेळी आड येते आणि घाईत पाय अडकतो. कड्या लावताना लोखंडावर लोखंड आपटून जो आवाज होतो, त्याने दोन्ही पक्षी एकदम उसळत असत. कड्यांवर जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्यावर तो त्रास थांबला. पावडर कोटिंग सपाट भागावर चांगले टिकले आहे, परंतु जिथे वेल्डिंग आहे तिथे विष्ठा आणि धुण्याच्या पाण्यामुळे गंजाचे ठिपके आले आहेत, आणि पावसाच्या पहिल्या दोन आठवड्यांत ते वाढले. विकणाऱ्याकडे याबद्दल विचारणा केली तेव्हा "घरात वापरण्यासाठी आहे" असे उत्तर मिळाले, जे खोक्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. मी गंज घासून काढला आणि रंग लावला. सळया मुरमाड जमिनीत नीट रुततात. फरशीवर हे कुंपण डगमगते, तिथे ते भिंतीला बांधल्याशिवाय वापरू नये.

रात्रीच्या निवाऱ्यासाठी ही वस्तू घेऊ नये, हे मला ठासून सांगायचे आहे. मुंगूस खालून माती उकरून आत येते, मांजर शेडनेट फाडते, आणि कुत्र्यांनी बाहेरून धडक दिली तर सळया उपसल्या जातात. आमचे दोन्ही पक्षी सूर्यास्तानंतर पक्क्या खुराड्यात असत, कुंपण केवळ दिवसाचे होते. एका वेल्डिंगवाल्याकडे पक्ष्यांसाठीच, लहान फटींचे आणि चार फूट उंचीचे असेच कुंपण करून मिळेल का याची चौकशी केली, तर त्याने जवळजवळ दुप्पट किंमत सांगितली. ज्यांच्याकडे दहा-वीस गिनी आहेत आणि दरवर्षी नवे पक्षी थव्यात आणावे लागतात, त्यांनी तो खर्च जरूर करावा. ज्यांच्याकडे माझ्यासारखा एकच पक्षी मागे राहिला आहे, त्यांना जाळी आणि शेडनेट धरून साडेचार हजारांच्या आत हे काम होते.

जूनच्या सुरुवातीपासून ठिपकी सीताफळाच्या तिसऱ्या ओळीतल्या एका आळ्यात, वाळलेल्या गवतात अंडी घालते आहे. परवा मोजली तेव्हा चौदा होती, आणि कालपासून ती त्यांवर बसू लागली आहे. नर त्या ओळीच्या टोकाशी उभा राहून माणूस आला की ओरडतो. गिनीची अंडी फुटायला 26 ते 28 दिवस लागतात, म्हणजे पिल्ले ऐन पावसात येतील, आणि ओल्या गवतातून आईमागे फिरणारी गिनीची पिल्ले भिजून पटापट दगावतात. म्हणून आई-पिल्लांना पडवीत कोरड्या जागी ठेवण्यासाठी तेच कुंपण पुन्हा मांडतो आहे. पडवीला फरशी आहे, तेव्हा दोन्ही टोके खांबांना बांधावी लागतील. अर्धा इंची जाळी फरशीपर्यंत टेकते की नाही हे चौकटीगणिक पाहतो आहे; दोन ठिकाणी खाली बोटभर फट निघाली, तिथे आज दुपारी जाळीचा आणखी एक पट्टा बांधायचा आहे.